चौतीस पौंडांचे बुशेल

तेक्ला होरोबेट्सने ओट धान्याच्या कोठीत काठी खुपसून खोली मापली होती, दोरीने परीघ घेतला होता. ते आकडे तिने ओसिपच्या टेबलावर ठेवले. हिशेब केल्यावर दोन हजार बुशेल भरली; बुशेल म्हणजे छत्तीस लिटरांचे जुने माप.

सास्कॅचेवान प्रांतातल्या त्या गावात रेल्वेलगतचे धान्यकोठार ओसिप तीस वर्षे सांभाळत आला होता. गेल्या वर्षी सरकारने किलो आणि टन आणले, आणि लोकांच्या बुशेलांना नव्या मापांत बसवण्याचे पुण्यकर्मही त्याच्याच पदरी आले. तेक्ला त्याच्या लेकीची धर्ममाता. म्हणून त्यांच्या बोलीत तो तिला ‘कुमो’ म्हणे, ती त्याला ‘कुमे’.

तिच्या अडतीस गाई होत्या. कुरण जुलैतच जळाले होते, आणि ऑगस्टअखेरच्या हिमाने दाणा भरण्याआधीच ओट मारले होते. हिवाळ्यासाठी गाईमागे आठशे किलोंपेक्षा कमी धान्य असेल त्याला सरकारी चारा मिळणार होता. त्या चाऱ्याचाच हा अर्ज होता.

अर्जामागे तक्ता छापला होता. ओटांचे एक बुशेल म्हणजे चौतीस पौंड, म्हणजे १५.४२ किलो. ओसिपने गुणाकार केला. तीस हजार आठशे चाळीस. अडतीस गाईंची मर्यादा तीस हजार चारशे.

“तुझ्याकडे जास्त भरतंय, कुमो. चारशे चाळीस किलो.”

“जास्त? अरे, मूठभर ओट हातात घेऊन फुंकर मारली तर हात रिकामा होतो माझा!”

“कागदावर जास्त म्हणतोय मी.”

“मग कागदच घालते गाईंना. पोटभर खातील.”

ओसिपने अर्ध्या लिटरचे माप तिच्या ओटांनी भरले, वरची शीग फळीने सपाट केली आणि तोलले. तक्त्याला दोनशे बारा ग्रॅम हवे होते. भरले एकशे चाळीस.

म्हणजे कोठीत वीस टनांच्या वर फारसे काही नव्हते.

“मग एवढंच कर ना,” तेक्ला म्हणाली, “तेराशे बुशेल लिही. तक्त्याने वीसच टन होतात. तक्ताही खूश, मीही खूश.”

“कोठीत दोन हजार आहेत. खोटं लिहू?”

“गाई काय तुझं अक्षर बघायला येणार आहेत?”

त्याने तिचे ऐकले नाही. दोन हजार बुशेल तशीच ठेवली, तक्त्याचा आकडा खोडून खरे वजन लिहिले, दाण्यांचा नमुना पाकिटात घातला आणि सही केली. चूक मोजणाऱ्याची नसून तक्त्याची आहे, हे वाचणाऱ्याला कळेल, असे तो समजत होता. तीस वर्षांच्या अनुभवानंतर माणसाने इतके निरागस असू नये.

तीन आठवड्यांनी तेक्ला उत्तर आणि परत आलेला अर्ज घेऊन आली. त्यातले तर्कशास्त्र निर्दोष होते. बुशेल हे कायद्याने वजन आहे. कोठीत दोन हजार बुशेल असतील, तर ती तीस टन भरलीच पाहिजेत. भरत नसतील, तर कोठीत दोन हजार बुशेल नव्हतीच. सबब अर्जातील तपशील खोटा, आणि खोट्या तपशिलामुळे अर्जदार या हंगामापुरती अपात्र.

ओसिपने ते दोनदा वाचले. चौतीस पौंड म्हणजेच बुशेल, मग कोठी कितीही भरलेली दिसो. हे त्याला गेली तीस वर्षे ठाऊक होते. त्या न्यायाने तेराशे हाच खरा आकडा होता, आणि तो तेक्लाने थट्टेत सांगितला होता.

“दाद मागता येते?” तिने विचारले.

“मेमध्ये सुनावणी आहे.”

“आणि धान्य?”

“अडतीस गाईंना मार्चच्या मध्यापर्यंत.”

तिने खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिले. “किती पाठवायच्या खाटकाकडे?”

ओसिपने भागाकार केला. “पंचवीस जगतील. तेरा.”

“सगळ्या गाभण आहेत, कुमे.”

त्याने अर्ज उलटा करून मागच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवले. ती गाईंची नावे सांगू लागली: कलिना, मुर्गा, लिस्का... नववे नाव सांगून ती थांबली आणि हातमोजे चढवू लागली.

“उरलेल्या चार तू ठरव,” ती दाराशी जाऊन म्हणाली. “तुझा हिशेब बरोबर असतो.”