मुंगी न लागलेली पूड

माझी बायको दैवशाला घरात जिथं वारली तिथं वहिनींनी पीठ पसरलं, मध्ये दिवा ठेवला आणि वर पाटी पालथी घातली. मेलेल्या माणसाचा पुढचा जन्म आमच्याकडं असा बघतात. सकाळी पाटी उचलली तर पिठावर बारीक ठिपक्यांची रेघ होती. तुळजाबाई वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणाल्या, "मुंगीची पावलं हायती. मुंगीच्या जन्माला गेली बाई."

मी असलं काही मानत नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी दैवशालेला साखरेचा आजार निघाला. चहा तिला गोडच लागायचा. ईट गावच्या एका माणसाकडून मी गोड तुळशीची रोपं आणून हौदाजवळ लावली. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, वस्त्रगाळ करायचा. चिमूटभर पुडीनं कपभर चहा गोड होतो आणि साखर वाढत नाही. घरातली खरी साखर मी ट्रंकेत घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या करदोड्याला.

"आमचे हे जेलर हायती," ती बायकांना सांगायची.

नवरात्रात तिनं उपास धरले. सहाव्या माळेला उपाशीपोटीच गोळी घेतली. दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, असं झालं की लगेच काहीतरी गोड द्या. मी चहा केला, दोन चिमटी पूड टाकली, कप तिच्या तोंडाला लावला.

"अहो, अजून टाका की," ती म्हणाली. "अंगात काय येईना."

मी अजून टाकली. दवाखान्यात न्यायला जीप यायच्या आत ती गेली.

तेरावं झाल्यावर एकदा माझ्या हातून पुडीची बरणी कलंडली. दैवशाला जिथं निजली होती तिथल्या फरशीच्या फटीतून मुंग्या निघाल्या. पुडीपाशी आल्या, थांबल्या आणि वळसा घालून निघून गेल्या. वहिनी दारात उभ्या होत्या.

"भावजी, ज्याला मुंगीसुदिक शिवत न्हाय, ते तुमी तिला दोन वर्सं पाजलं?"

तेव्हापासून मी रोज तिथं चिमूटभर पूड ठेवतो. मुंग्या रोज येतात आणि रोज परत जातात. एक मागं राहते. पुडीच्या कडेला उभी राहते, मिशा हलवते. "खा की गं," मी म्हणतो. ती खात नाही. मग चुलीकडून आवाज येतो, अजून टाका की. मी वळून बघत नाही.

हौदाच्या बाजूलाच तूर आहे. श्रावणात मी तुरीवर औषध फवारलं होतं. वारं पाल्याकडं होतं का, ते आता आठवत नाही. मला एवढंच कळायला हवं होतं, की तिला माझ्या पाल्यानं मारलं का.

दैवशालेच्या भावाची मुलगी शिवप्रिया पुण्याला खाण्याचे पदार्थ तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिला मी पाव किलो पूड पाठवली. अठरा दिवसांनी, भर दुपारी, तिचा फोन आला.

"मामा, सगळं तपासलं. फवारणीच्या औषधाचा अंश नाही, शिसं नाही, बुरशी नाही. पाल्यात काही खोट नाही. आता तरी नीट जेवा."

माझे डोळे भरून आले. "मग मुंगी का लागत न्हाय गं?"

ती हसली. "मुंगीला काय करायचंय त्याचं? जिभेला गोड लागतं तेवढंच. त्यात खायला काही नसतंच. अंगाला काही मिळत नाही. म्हणून तर आत्याला चालायचं."

मी करदोड्याची किल्ली चाचपली.

"मामा?"

"अंगाला काय मिळत न्हाय," मी म्हणालो.

"नाही." मग तिचा आवाज बदलला. "मामा, त्या दिवशी आत्याला घाम फुटला होता ना? म्हणजे साखर उतरली असणार. तुम्ही तिला खरी साखर दिली होती ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"बघा, मग. तुम्ही होतं तेवढं केलंत."

फोन ठेवला. ट्रंक माझ्या पाठीमागंच होती, त्या दिवशी होती तिथंच. तिच्यापासून दैवशाला निजली होती ती जागा चार पावलं आहे. मी चालून मोजली.

किल्ली कुलपात लवकर बसेना. साखरेचा डबा काढला, पूड झटकून टाकली आणि त्याच जागी मूठभर साखर ओतली. मग भिंतीला टेकून बसलो.

आधी एकच आली. कडेला थांबली, मिशा हलवल्या. मग तिनं एक दाणा उचलला.

चुलीकडून काही आवाज आला नाही. तरी मी अजून एक मूठ टाकली.