एका दमात ओढलेली रेघ

तिसऱ्यांदाही कडेची टेप ओढताना फटीत भरलेलं सिलिकॉन तिच्याबरोबरच उखडून आलं. टबाच्या काठाला बसलेली पांढरी पट्टी रबरासारखी लांबत गेली, मधेच तुटली आणि सांडूच्या कोपराला चिकटली. तिनं हात झटकला. पट्टी गुडघ्यावर जाऊन बसली.

टब आणि भिंत यांच्यातली फट पुन्हा जशीच्या तशी उघडी पडली होती.

दारावर टकटक झाली. खालच्या दुकानातला बाइंडर उभा होता. त्याच्या हातात एक वही होती, भिजून पावासारखी फुगलेली.

"बाई, ही सकाळी सरळ होती."

"काका, मी आजच्या आज..."

"तुम्ही गेल्या मंगळवारीही आजच्या आज म्हणाला होतात." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच सांडूला जास्त लागलं. "सोमवारी माझ्याकडे जुने नकाशे येतायत. शंभर वर्षांचे. त्यांच्यावर एक थेंब पडला, तर या दुकानात पुन्हा कुणी कागदाचा कपटा पाठवणार नाही."

आंघोळी तिनं दहा दिवस बादलीतल्या पाण्यानं उरकल्या होत्या, टबापासून चार हात लांब बसून. तरी शिंतोडे भिंतीवरून उतरायचे, त्या फटीत शिरायचे आणि बाइंडरच्या छतातून खाली यायचे. तिनं दोन मिस्त्रींना फोन केले होते. दोघेही उद्या येतो म्हणाले होते, आणि त्यांचा उद्या अजून उजाडला नव्हता. खरं तर मिस्त्री शोधायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिची थोरली बहीण फरशीकाम करायची. बायका फरशी पुसतात, ताई फरशी बसवायची, गेली तीस वर्षं. पण या वेळी ताई फोनवर म्हणाली होती, "मला पंधरा दिवस हलता यायचं नाही. तू हात लावू नकोस. कुणीतरी बघ."

तू हात लावू नकोस, हे वाक्य सांडूनं जन्मभर ऐकलं होतं. नावच त्यातून पडलेलं. लहानपणी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला की घरातले बाकीचे पाय वर घेऊन बसायचे. मोठेपणी ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायला लागली. तिथे फक्त बोलायचं असायचं, आणि बोलण्यात तिचं कधी काही सांडलं नाही. दीडशे गाड्यांच्या वेळा तिच्या जिभेवर असायच्या. हातांचं मात्र तिनंही मान्य करून टाकलं होतं.

बाइंडर न विचारताच आत आला. टबाजवळ उकिडवा बसून त्यानं उखडलेली पट्टी बोटांनी दाबून पाहिली.

"टेप कधी काढलीत?"

"वाळल्यावर. म्हटलं नीट बसू दे."

"डिंक वाळल्यावर चिकटलेला कागद हलवला तर काय होतं?"

"फाटतो."

"मग?"

सांडूनं हातातल्या टेपकडे पाहिलं.

"मी हे सिलिकॉन जन्मात हातात धरलेलं नाही," बाइंडर उठत म्हणाला. "पण चाळीस वर्षं दोन कडा जोडतोय. उद्या कामावरून आलात की ती सिलिकॉन भरायची बंदूक घेऊन खाली या. भिंतीवर शिकू नका. पुठ्ठ्यावर शिका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खाली गेली. बाइंडरनं दोन-दोन रद्दी पुठ्ठे काटकोनात जोडून ठेवले होते, म्हणजे टबाचा काठ आणि भिंतच जणू. पहिली रेघ गांडुळासारखी आली. दुसरीही गांडूळच, फक्त जाड.

"तोंड केवढं कापलंय!" बाइंडर नळीच्या टोकाकडे बघून म्हणाला. "यातून पाहुण्यांचं वरण वाढता येईल."

नवीन टोक घेऊन तिनं ते बारीक आणि तिरकं कापलं. रेघ सुधारली, पण जिथे जिथे ती थांबे तिथे गाठ येई. चाप सोडला तरी बंदूक ओकतच राहायची. मागचा खटका दाबून दांडा मोकळा करायचा असतो, हे तिला कळेपर्यंत तिच्या एका चपलेत सिलिकॉन भरलं होतं. बाइंडर तोंड फिरवून हसला. मग तीही हसली.

"मनगट नका फिरवू. अख्ख्या तुम्ही सरका. श्वास घ्या, आणि तो संपेपर्यंत थांबायचं नाही. एका दमात."

"आणि वाकडी गेली तर?"

"वाकडी जाऊ द्या. थांबलेली रेघ वाकड्या रेघेपेक्षा वाईट दिसते."

तीन संध्याकाळी ती पुठ्ठ्यांवर रेघा ओढत बसली. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच फिरवायचं. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह झाला की हात पाठीमागे धरायचा. टेप सिलिकॉन ओलं असतानाच काढायची, आपल्याकडे नाही, बाजूला, हळू. खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगतानाही तिची तर्जनी टेबलाच्या कडेवरून सरकत राहायची. शेजारच्या तिकीटवाल्यानं विचारलं, "धूळ पुसताय का?"

"नाही," ती म्हणाली. "सराव करतेय."

शुक्रवारी दुपारी तिनं सुट्टी काढली. जुनं सारं पातं लावून खरवडलं, फट स्पिरिटनं पुसली, पंखा लावून सुकवली. टब पाण्यानं भरून घेतला. भरल्यावर तो केसभर खाली बसतो आणि फट पूर्ण उघडते, हे मात्र तिचं तिलाच सुचलं होतं. वरखाली दोन टेपा लावल्या. मग लांब बाजूच्या टोकाशी गुडघ्यावर बसली, श्वास घेतला आणि सरकायला लागली.

रेघ तिच्यामागून येत राहिली. मध्यावरही ती थांबली नाही. कोपऱ्यात वळताना तिनं दाब सैल केला, पुन्हा धरला आणि भिंत संपली तेव्हाच श्वास सोडला. बोट एकदाच फिरवलं. टेपचं टोक नखानं उचललं आणि बाजूला ओढलं.

खाली राहिली ती दोरी धरून आखल्यासारखी पांढरी कड.

सांडू पालथ्या बादलीवर बसून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. हात लावावासा वाटत होता. नाही लावला.

रविवारी सकाळी बाइंडरनं डाग पडलेल्या छताखाली टेबल सरकवलं आणि त्यावर कोरा टीपकागद पसरला. वर सांडूनं टब रिकामा केला आणि शॉवर भिंतीवर रोखून सोडला. पाच मिनिटं. दहा. पाणी त्या कडेवरून घसरून टबात पडत होतं. पंधराव्या मिनिटाला तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका?"

ती आणखी बाहेर वाकली.

"काका, काय झालं?"

"थांबा, चष्मा लावतोय!" मग रस्त्यापलीकडच्या लोकांनी वळून बघावं एवढा मोठा आवाज आला. "कोरडा! बाई, ठणठणीत कोरडा!"

सांडूनं शॉवर तसाच हातात धरून आरोळी ठोकली. छत, आरसा आणि ती स्वतः, सगळं चिंब झालं. त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

ओले केस पुसत ती बाहेर आली, तेव्हा ताई दारात उभी होती. फोन न करता आली होती.

"गळतंय अजून?"

"बघ की."

ताई टबाशी गेली आणि खाली बसली. तिनं कडेवरून नख फिरवलं, कोपऱ्याशी थांबली, मान वाकडी करून उजेडात पाहिलं.

"कुणाला बोलावलंस?"

सांडू केस पुसत राहिली.

"हात चांगला आहे. कोपऱ्यात जोड दिसत नाही. टेप वेळेवर काढलीय. कोण आहे हा? नंबर दे, मला माणूस हवाच आहे."

"मी केलंय."

ताई हसली. मग तिला सांडूच्या नखांतलं पांढरं दिसलं, कोपरावरचं दिसलं, कानामागच्या केसात सुकलेला गोळा दिसला. तिचं हसू हळूहळू थांबलं.

"बेसिनची मागची बाजू राहिलीय," सांडू म्हणाली. टेपा लावलेल्या होत्या, बंदुकीला नवं टोक तिनं सकाळीच बसवलं होतं.

"आण इकडे. एवढं मी संपवते."

सवयीनं ताईनं हात पुढे केला आणि सवयीनं सांडूनं बंदूक दिली. ताईनं टोक फटीला लावलं, चाप दाबला. काही आलं नाही. पुन्हा दाबला. ओठ घट्ट मिटून दुसरा हातही लावला. बाही मागे सरकली तेव्हा मनगटापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत गुंडाळलेला पट्टा सांडूला दिसला. अंगठा सुजून जाड झाला होता.

"तोंड बुजलंय हिचं," ताई बंदुकीकडे बघत म्हणाली.

"असेल. स्वस्तातली आहे." सांडूनं बंदूक घेतली, ताईकडे पाठ केली आणि मोकळ्याच टोकात तार घालून दोन-तीनदा फिरवली. "हं. निघालं बहुतेक."

तिनं श्वास घेतला. रेघ बेसिनच्या एका टोकाला सुरू झाली, वळणावरून गेली आणि दुसऱ्या टोकाला संपली. बोट एकदा. टेप बाजूला.

ताई भिंतीला टेकून बघत होती.

"वळणावर दाब सैल करतेस," ती म्हणाली. "हे मला जमायला दोन वर्षं लागली होती."

सांडूनं बंदुकीचा दांडा मोकळा केला.

"नव्या इमारतीत आठ बाथरूम आहेत," ताई बेसिनकडे बघतच म्हणाली. "फरशा बसवून झाल्यात. सांधे तेवढे राहिलेत." तिनं बाही पट्ट्यावर ओढून घेतली. "पंधरा दिवस झाले."

सांडू चिंधीनं टोक पुसत होती. नीट, सगळ्या बाजूंनी पुसून तिनं ते खाली ठेवलं.

"उद्या किती वाजता निघायचं?"