तिसरी रेघ

बाबा कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी माळ्यावर स्वतःचं यंत्र जुळवलं. पांढऱ्या कागदावरून परतणारं ऊन एका फटीतून आत घ्यायचं, त्याचे रंग पसरवायचे आणि त्यांतल्या काळ्या रेघा भिंगातून पाहायच्या. कोणत्या रेघा सूर्यावरच्या कोणत्या मूलद्रव्याच्या, हे त्यांना पाठ होतं. आई म्हणायची, ह्यांना सूर्यावरचं सोडियम दिसतं, डब्यातलं संपलेलं मीठ दिसत नाही.

एकदा त्यांनी फोनवर सांगितलं, की सोडियमच्या दोन रेघांच्या मधे केसासारखी तिसरी दिसली. ती निकेलची असते, हे मला ठाऊक होतं. सूर्याचा वर्णपट हीच माझी नोकरी. पण घरी जुळवलेल्या यंत्रात इतकं बारीक दिसेल, हे मला पटेना.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा परतीची गाडी दोनची होती. बाबांनी मला स्टुलावर बसवलं, डोक्यावरून काळं कापड टाकलं आणि जरा थांब म्हणाले. सगळं अंधुक होतं. मी फटीचा स्क्रू फिरवला. लख्ख उजेड आला. दोन जाड रेघा, मधे काही नाही.

"दोनच आहेत, बाबा. डोळे दाखवून घ्या एकदा."

"असेल," म्हणाले, आणि माझी बॅग उचलून खाली गेले.

फट रुंद केली की उजेड वाढतो आणि बारीक रेघा पुसल्या जातात. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते.

बाबांना जाऊन महिना झाला. माळा आवरताना स्क्रूवर लाल रंगाची खूण दिसली. ही कसली, म्हणून आईला विचारलं.

"तू गेलीस आणि ते तडक वर आले, स्क्रू आधी होता तिथे आणला, मग ही खूण केली. म्हणाले, तिनं फट मोठी केली होती. मी म्हटलं, मग बोलायचं ना. तर म्हणे, तिला गाडी गाठायची होती."

"आणि डोळे?"

"दुसऱ्याच दिवशी दाखवून आले. नजर चांगली होती. तू सांगितलंस म्हणून गेले."

स्क्रू खुणेवरच होता. मी कापड ओढून बसले. बराच वेळ नुसता काळोख. मग पिवळा रंग उमटला, त्यात दोन रेघा, आणि खूप वेळानं त्यांच्या मधे तिसरी.

मी उठून आईला स्टुलावर बसवलं.

"काही दिसत नाही गं," ती कापडाखालून म्हणाली.

"जरा थांब," मी म्हटलं, आणि स्क्रूला हात लावला नाही.