रद्दीतले फोटो

त्र्याण्णवचा मार्च संपत आला होता. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना पंधरवडा उलटला होता. कल्याणची शालन मानसशास्त्रात एम.ए. करत होती. स्फोटांच्या बातम्या, फोटो बघून शाळकरी मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हे तिला प्रबंधासाठी मोजायचं होतं. कळव्याच्या एका शाळेत नववीच्या साठ मुलांकडून तिने फॉर्म भरून घेतले. टीव्ही किती तास बघता, पेपर वाचता का, झोप लागते का, दचकता का.

त्यातल्या मालू नावाच्या मुलीचा फॉर्म काही केल्या हिशेबात बसेना. घरी टीव्ही नाही, पेपर येत नाही आणि भीतीचे गुण मात्र वर्गात सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी शालनने तिला उभं केलं. "काही बघितलंच नाहीस, तर दचकतेस कशाला? गंमत म्हणून भरलास ना?"

मालू काहीतरी सांगायला गेली.

"खोटं लिहिलेलं मला चालत नाही," म्हणत शालनने फॉर्मवर लाल रेघ ओढली. वर्ग फिदीफिदी हसला.

त्या शनिवारी शालन कळव्याच्याच बाजारात सुकट घ्यायला थांबली. चंद्रभागा कोळणीने पुडीसाठी गठ्ठ्यातला कागद ओढला, तर त्यावर जळकी बस आणि रस्त्यात पडलेली माणसं.

"हे कागद कोण फाडतं, मावशी?"

"माजी मालू. शालंतून आली का रद्दी घेऊन बसते. असला फोटो आला का हात थांबतो तिचा. पन चार दिस झाले, शालंत जात नाय. कोन बाई तिला खोटारडी बोलली."

शालनची कानशिलं तापली. ती म्हणाली, "ती बाई मीच."

चंद्रभागा ओरडली नाही. "तुमी शिकलेल्या. इचारायचं तरी," एवढं बोलून तिने पुडी पुढे केली.

सोमवारी आईने मालूला शाळेत आणून सोडलं. शालनने सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "मालूने खरं लिहिलं होतं. मी विचारलंच नाही. चूक माझी." मालूने मान वर केली नाही. मधल्या सुट्टीत शालनने नवा फॉर्म दिला, तेव्हा तिने हात मागे घेतले.

"नको बाई. परत सगळं आठवायला लागतं."

हे शालनच्या डोक्यातच आलं नव्हतं. साठही मुलांना तिने तेच आठवायला लावलं होतं.

प्रबंधात तिने लिहिलं, ‘एका मुलीने नकार दिला. कारण संशोधकाचं वागणं.’ मार्गदर्शक सर म्हणाले, "हे कशाला?" तिने वाक्य काढलं नाही.

शालनला एम.ए.ला पहिला वर्ग मिळाला. तिच्या आईने चाळभर पेढे वाटले. शालन आत बसून राहिली. कुणी अभिनंदन केलं की मालूचे मागे घेतलेले हात आठवायचे आणि तिला नजर वर करवत नव्हती.