ब्रुनोचे ट्यूलिप

वेल्टाच्या खुब्याचं हाड मोडलं ते सप्टेंबरच्या शेवटी, अंगणातल्या ओल्या पानांवरून पाय घसरून. हॉस्पिटलातून घरी आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो स्वतःच्या पायाबद्दल नव्हता, आणि नवऱ्याच्या जेवणाखाण्याबद्दल तर नव्हताच.

"यंदा कंद कोण लावणार?"

"मी," ब्रुनो म्हणाला.

दुधाच्या राखणीला उभा राहतो म्हणणाऱ्या बोक्याकडे बघावं, तशा नजरेने वेल्टाने त्याच्याकडे पाहिलं. पण दुसरं होतं कोण?

ब्रुनो बहात्तर वर्षांचा. सगळं आयुष्य त्याने लाकडाच्या कारखान्यात करवतीपुढे काढलेलं. हात असे दणकट की चहाचा कपसुद्धा त्याच्याजवळ द्यायला वेल्टा कचरायची. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या. डॉक्टर त्याला काहीतरी वेगळं नाव सांगायचे, ब्रुनो स्प्रिंगाच म्हणायचा. जड उचलायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं, आणि त्याने मान डोलावली होती. मान डोलावण्यात तो पटाईत होता.

आठ मार्चला बायकांना फुलं द्यायची ही इकडची जुनी रीत. जुन्या कम्युनिस्ट राजवटीची आठवण नको म्हणून काहीजणी या रितीच्या नावाने नाक मुरडतात, पण फुलं घ्यायला हात त्यांचाच आधी पुढे येतो. त्या दिवसांत बाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि गाउया नदी गोठलेली असते. म्हणून फुलांना फसवावं लागतं. ऑक्टोबरात कंद कुंड्यांत लावायचे, तळघराच्या अंधारात आणि गारठ्यात सोळा आठवडे ठेवायचे, आणि फेब्रुवारी अर्धा सरला की उबेला वर आणायचे. कंदांना वाटतं, हिवाळा संपला. वेल्टा चाळीस वर्षं कंदांशी ही लबाडी करत आली होती. गावच्या गायकवृंदात ती गायची, आणि त्यातल्या चौदा बायकांना आठ मार्चला तिच्या हातचे तीन-तीन ट्यूलिप मिळत.

चाळीस वर्षांत वेल्टाला स्वतःला मात्र एकच माणूस फुलं द्यायचा. दर आठ मार्चला ब्रुनो सकाळी व्हरांड्यात जायचा, तिच्याच कुंडीतले तीन ट्यूलिप कापायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्यापुढे धरायचा. ती ते हुंगायची आणि विचारायची, "कुठल्या दुकानातून आणलेस रे?" दोघं हसायचे. पण गेली काही वर्षं ब्रुनोला ते हसू जरा टोचत होतं. बायकोला आपण कधी स्वतःच्या हातचं एक फूल दिलं नाही. यंदा द्यायचं, असं त्याने ठरवलं. त्या एका गोष्टीपायी त्याने एवढ्या उत्साहाने "मी" म्हटलं होतं.

समोरच्या बिरुताला हे कळलं तेव्हा ती फाटकावर हात ठेवून हसत सुटली. बिरुता विधवा, गायकवृंदात सगळ्यांत खालचा आवाज तिचा, आणि जीभ सगळ्यांत वरची.

"तू? ट्यूलिप? अरे, तुला मी निवडुंग दिला होता, तोसुद्धा मेला! निवडुंग मारायला डोकं लागतं बाबा!"

"तो आधीच आजारी होता."

"आणि तू त्याची सेवा केलीस, म्हणून सुटला बिचारा!"

कंद लावले ते स्वयंपाकघराच्या टेबलावर. वेल्टा खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात लाकडी उलथनं. जिथे चुकेल तिथे उलथनं बोट दाखवायचं.

"चपटी बाजू कुंडीच्या भिंतीकडे. किती वेळा सांगू?"

"काय फरक पडतो?"

"पहिलं पान चपट्या बाजूने फुटतं. ते बाहेर पडलं की कुंडी भरून दिसते. आत पडलं की सगळं एकमेकांच्या डोक्यावर. जरा सैल दाब रे, खिळा ठोकतोयस का तू?"

बारा कुंड्या झाल्या, प्रत्येकीत पाच कंद. ब्रुनोने त्या दोन-दोन करत अंगणातल्या टेकाडाखालच्या तळघरात नेल्या. तेवढं वजन त्याला झेपत होतं.

झेपली नाहीत ती सफरचंदं.

दर ऑक्टोबरात सफरचंदांची खोकी हातगाडीवर घालून रस्त्यापलीकडे, चढावर, बिरुताच्या तळघरात जायची. घरचं तळघर अर्धं रिकामं असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे ब्रुनोला कधी उमगलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी वेल्टा म्हणाली होती, की सफरचंदं आणि ट्यूलिप एकत्र नांदत नाहीत. घरात शीळ घालू नको, उंबऱ्यावर हात मिळवू नको, असल्या अपशकुनांपैकीच ते काहीतरी असणार असं समजून त्याने ते सोडून दिलं होतं. यंदा नऊ खोकी होती. दोन त्याने पोचवली. तिसऱ्याला फाटकापाशीच त्याचा श्वास अडकला. तो फाटकाला धरून उभा राहिला, बराच वेळ. मग त्याने हातगाडी वळवली आणि ते खोकं घरच्याच तळघरात, सहा पायऱ्या खाली, मागच्या भिंतीशी सरकवलं. थांबत थांबत बाकीची सहाही त्याच वाटेने नेली आणि वर गोणपाट टाकलं.

बिरुताला त्याने सांगितलं, उरलेल्यांचा रस काढला. वेल्टाला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, मग श्वासाची गोष्ट निघाली असती, मग त्सेसिस शहरातलं हॉस्पिटल, आणि मग या मोडलेल्या बाईला सूप कोण करून देणार? एवढा विचार त्याने केला होता. ट्यूलिपांचा विचार त्यात कुठेच नव्हता.

पुढचे चार महिने ब्रुनोचे फार सुखात गेले, हे सांगायलाच हवं. सकाळी उठायचं, बर्फ बाजूला सारून तळघराचं दार मोकळं करायचं, कंदील घेऊन खाली जायचं. माती कोरडी असेल तर पाणी. उंदराचा माग दिसतो का ते बघायचं. कुंड्यांशी तो बोलायचाही, पण हे कोणाला माहीत नव्हतं. वर आला की वेल्टापुढे सगळा पाढा वाचायचा.

"तिसऱ्या कुंडीत कोंबांची नाकं वर आलीत! पांढरी, एवढीशी!"

"पाचही?"

"चार. पाचवा आळशी आहे."

"तुझ्यावर गेला असेल," वेल्टा म्हणायची, आणि विणकामात मान घालायची.

जानेवारीच्या शेवटी तिने त्याला चिमटीची परीक्षा शिकवली. कोंब बोटभर झाला की अंगठा आणि बोट यांत त्याला हळूच दाबून बघायचं. आत वाटाण्यासारखा टणक दाणा लागला तर कळी वर सरकली, कुंडी उबेला आणायला हरकत नाही. ब्रुनो खाली गेला. त्याच्या जाड बोटांना काहीतरी लागलं, किंवा लागावं असं त्याला फार वाटत होतं.

"लागतोय!" त्याने पायऱ्यांवरूनच ओरडून सांगितलं.

फेब्रुवारीच्या मध्याला बाराही कुंड्या काचेच्या व्हरांड्यात आल्या. वेल्टा वॉकर पुढे सरकवत तिथवर आली, वाकली, आणि तिने एका कोंबाला चिमटीत धरलं. मग दुसऱ्या कुंडीतल्या. मग तिसरीतल्या. ब्रुनो परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा उभा.

"पानं छान आहेत," ती म्हणाली.

ब्रुनोची छाती स्प्रिंगांसकट फुगली.

आणि पानं खरोखरच छान होती. उबेत ती भराभर वाढली, रुंद झाली, प्रत्येक कंदाचं पहिलं पान अगदी शिस्तीत बाहेरच्या बाजूला पडलं. फक्त मधून काही वर येईना. मार्च उजाडला. व्हरांडा हिरवागार झाला होता आणि एकही कळी नव्हती. ब्रुनो दिवसातून दहा वेळा जाऊन बघायचा. वेल्टा काही विचारत नव्हती, आणि ती विचारत नव्हती याचीच त्याला धास्ती वाटू लागली.

सहा मार्चला त्याने चाकू काढला आणि एक कोंब उभा चिरला. आत, जिथे कळी असायला हवी होती तिथे, लसणाच्या सालीसारखं सुकलेलं, तपकिरी काहीतरी होतं. दुसरा चिरला. तेच. आठ चिरून झाले. चिरलेले कोंब खिशात घालून तो रस्ता ओलांडून बिरुताकडे गेला.

बिरुताने एक कोंब उलटसुलट करून पाहिला. या वेळी ती हसली नाही.

"ब्रुनो, तुझ्या सफरचंदांचा रस कुठे काढलास?"

"का?"

"का म्हणजे? पिकणाऱ्या सफरचंदातून वाफ सुटते. आपल्याला कळत नाही, पण कंदाच्या पोटातली कळी त्याने जागच्या जागी मरते. पानं येतात, फूल येत नाही. म्हणून तर तुमची सफरचंदं एवढी वर्षं माझ्याकडे राहायला येतात! हे तुला माहीत नाही?"

"मला वाटलं, ते शीळ घालण्यासारखंच काहीतरी."

"देवा रे!" बिरुता खुर्चीत बसली. "चाळीस वर्षं त्या बाईबरोबर राहिलास, एकदा तरी 'का गं' म्हणून विचारायचं होतंस!"

ब्रुनो घरी आला. कोटही न काढता तो स्वयंपाकघरात वेल्टासमोर उभा राहिला आणि त्याने खिशातले कोंब टेबलावर ठेवले.

"फुलं येणार नाहीत. एकही नाही. मी सात खोकी खाली ठेवली होती. आपल्या तळघरात. तुला सांगितलं नाही."

"माहीत आहे," वेल्टा म्हणाली.

"बिरुताने फोन केला?"

"बिरुता कशाला? ऑक्टोबरपासून तुझ्या स्वेटरला सफरचंदांचा वास येतोय. हाड मोडलंय माझं, नाक नाही."

ब्रुनो बसला. त्याला आधी राग आला, आणि तो खराच होता. "म्हणजे तू मला चार महिने खुळ्यासारखं खाली-वर करू दिलंस? पाणी घाल, नाकं मोज, चिमटी घे? तुला ठाऊक होतं, आणि एक शब्द बोलली नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर त्याच दिवशी सगळी खोकी वर काढली असती मी!"

"म्हणूनच नाही बोलले." वेल्टाने विणकाम खाली ठेवलं. "तू तिसरं खोकं घेऊन फाटकापाशी थांबलास ना, तेव्हा मी या खिडकीत होते. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मला उठता येत नव्हतं. काचेवर थापा मारल्या, तुला ऐकू गेल्या नाहीत. आता हा पडणार आणि मी इथे खुर्चीत बसून बघणार, असं वाटलं मला. तसली घटका मी आयुष्यात दुसरी काढलेली नाही, ब्रुनो."

ब्रुनोने कोटाची बटणं सोडायला घेतली.

"मग तू हातगाडी वळवलीस. मला कळलं, खोकी कुठे गेली ते. म्हटलं, जाऊ देत. त्या चढावरून गेला नाहीस ना, मग ट्यूलिप गेले तर गेले."

"बिरुताच्या जावयाला सांगायचं. तो घेऊन गेला असता."

"तो येण्याआधी तू अर्धी स्वतःच उचलली असतीस. मी ओळखत नाही का तुला? आणि नोव्हेंबरात माझा पाय दाखवायला गेलो होतो, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी तुझी छाती कशाला तपासली? तुझ्या गोळ्या कशाला बदलल्या?"

"मला वाटलं, प्रेमळ बाई आहे."

"प्रेमळ बाई! आदल्या दिवशी वीस मिनिटं फोनवर रडले मी तिच्यापाशी!"

ब्रुनोने टेबलावरच्या कोंबांकडे पाहिलं. "मला तुला माझ्या हातचं फूल द्यायचं होतं. एकदा तरी. तुझ्याच कुंडीतलं कापून किती वर्षं द्यायचं?"

हे मात्र वेल्टाला ठाऊक नव्हतं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि नाक ओढलं.

"गाढवा," ती म्हणाली. "ट्यूलिप काय, पुढच्या ऑक्टोबरात परत लावू. तुझ्यासारखं ओबडधोबड बी या वयात मी परत कुठे लावत बसू?"

आठ मार्चला दुपारी बायका येणार होत्या. वेल्टाला तालमीला जाता येत नव्हतं म्हणून यंदा गायकवृंदच घरी येणार होता. सकाळी ब्रुनोने दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, आणि व्हरांड्यातली सगळ्यांत भरगच्च कुंडी उचलून वेल्टापुढे धरली. वर्तमानपत्र त्याने कुंडीभोवती गुंडाळलं होतं.

"पानंच आहेत," तो म्हणाला.

वेल्टाने कुंडी मांडीवर घेतली, वाकून हुंगली. ओल्या मातीशिवाय कसलाही वास नव्हता. तरी ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

दुपारी बिरुता सगळ्यांच्या आधी आली. तिने दुकानातले ट्यूलिप आणले होते, लालभडक, सगळ्या बायकांना पुरतील एवढे. ते कुठे ठेवावे म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. जेवणाच्या टेबलावर मधोमध, चांगल्या कशिद्याच्या रुमालावर, एक नुसती हिरवी कुंडी बसली होती.

"हे काय, लसणाची पात मांडून ठेवलीस टेबलावर?" असं म्हणत ती कुंडी उचलायला बिरुताने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," वेल्टा म्हणाली. "ब्रुनोने लावलंय ते माझ्यासाठी. तुझी फुलं खिडकीत ठेव."