पिंगळीच्या मिलकामायची परात

मी पितळेची परात बोलतेय. रेवदंड्याच्या एका तांबटाने मला घडवलं आणि मिल्का नावाच्या वीस वर्षांच्या मुलीच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्यासोबत दिलं. ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवस फेडायचा असला, घरातलं कुणी दूर निघालं, की ते एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि वर फळं. तो मलिदा माझ्यात कालवला जाई.

मिल्काचा नवरा रूबेन झिराडकर रेल्वेत होता. त्याची बदली परभणीजवळच्या पिंगळी स्टेशनावर झाली आणि मी समुद्र सोडून ज्वारीच्या मुलखात आले. ज्यू म्हणजे काय, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. शनिवारी या घरात चूल पेटत नाही, एवढं मात्र गावाला लवकरच कळलं. बाई शनिवारचा कडक उपास धरतात, असं बायका म्हणत. तो उपास नव्हता, शब्बाथ होता, त्यांचा विसाव्याचा वार; पण मिल्काने ते कधी दुरुस्त केलं नाही.

लेक दीना नऊ वर्षांची असताना एका दुपारी रूबेन ड्यूटीवरच छाती धरून खाली बसला. तो उठलाच नाही. त्यांचं कब्रस्तान जवळपास कुठेच नव्हतं. पेडगावच्या भगवानरावांनी आपल्या शेताच्या बांधाला जागा दिली. कोकणातल्या नातेवाइकांनी मिल्काला परत बोलावलं, पण नवऱ्याला एकटं सोडून जायला तिचा पाय निघेना.

गावातल्या बायकांची पोलकी शिवून तिने दीनाला वाढवलं, नर्सिंगला घातलं. दीना शिकली, नर्स झाली, तिचं लग्न झालं आणि नवऱ्यासोबत ती इस्राएलला, अश्दोदला निघाली. त्या दिवशी माझ्यात मलिदा झाला. वर्षभरात तुला घेऊन जाते, असं दीना आईला सांगून गेली.

घर सुनं झालं. दुसऱ्याच वर्षी दिवाळी झाल्यावर मिल्काने दारासमोर एक ट्रॅक्टर पाहिला. गावातली कुटुंबं ऊसतोडीला निघाली होती. भांडीकुंडी, कोंबड्या आणि त्यांत दप्तर कवटाळून बसलेली दोन लेकरं. मिल्का बाहेर गेली, त्यांच्या आईशी बोलली आणि त्या दोघांना खाली उतरवून घरात घेऊन आली. शाळा बुडू नये, एवढंच तिच्या मनात होतं. पुढच्या वर्षी पाच आली, मग अकरा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ही लेकरं तिच्याकडे राहत, शाळेत जात. त्यांच्या भाकरीचं पीठ माझ्यात मळलं जाई. लेकरं तिला मिलकामाय म्हणू लागली. मग सारं गावच म्हणू लागलं.

दीनाला मुलगी झाली, तिचं नाव याएल. याएल तीन वर्षांची झाली तेव्हा दीना आईला न्यायला आली. तिकीट काढूनच आली होती. पण मार्गशीर्ष चालू होता आणि घरात अकरा लेकरं जेवायला बसली होती.

दीना स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "आई, या पोरांना आईबाप आहेत. मला तू एकटीच आहेस."

मिल्काचे हात माझ्यात, पिठात होते. "शिमग्याला यांचे आईबाप येतील. मग मी निघते. तिकीट पुढचं काढ."

दीना भांडली नाही. दोन दिवसांनी एकटीच निघाली. मलिदा करू का, असं आईने विचारलं. दीना नको म्हणाली.

शिमग्याला आईबाप आले, पण एका मुलीची आई आली नाही. पारूबाई उसाच्या ट्रॉलीखाली सापडली होती. तिचा नवरा वैजीनाथ सहा वर्षांच्या सृष्टीचा हात धरून उंबऱ्याशी उभा राहिला. "माय, हिला तुज्यापशीच ऱ्हाऊ दे. मला तिच्याकडं बघवंना गेलंय."

मिल्काने सृष्टीला घरात घेतलं. ती अश्दोदला गेली नाही. दर शुक्रवारी फोन येई आणि दर शुक्रवारी ती 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणे.

मग करोना आला. दीना तिथल्या दवाखान्यात काम करता करता आजारी पडली आणि नवव्या दिवशी गेली. विमानं बंद होती. मिल्काने लेकीची माती मोबाईलवर पाहिली. मोबाईल सृष्टीच्या हातात होता.

सगळं उरकल्यावर सृष्टी म्हणाली, "माय, माझ्यामुळं तू गेली न्हाईस."

"हो बाळ, तुझ्यामुळंच नाही गेले. तुला सोडून जाववलं नाही. पण माझी लेक गेली गं. आज मला कुणाची समजूत काढायला सांगू नकोस."

तिने पदराची कड फाडली आणि त्यांच्या रीतीप्रमाणे सात दिवस जमिनीवर बसून राहिली. गावच्या बायका आळीपाळीने पिठलं-भाकरी आणत, जवळ बसत. ते सात दिवस मी कोरडी होते. आठव्या दिवशी ती उठली, पीठ चाळलं आणि मळायला बसली. त्यानंतर जाण्याचा विषय तिने कधी काढला नाही.

गेल्या भादव्यात मिलकामाय गेली. एकोणऐंशी वर्षांची होती. पेडगावला रूबेनशेजारी तिला ठेवलं. तिच्या धर्माची प्रार्थना येणारं कुणीच तिथे नव्हतं. तिने शिकवलेली सारी जमली होती, काहींच्या कडेवर आता स्वतःची लेकरं होती. मग शाळेत रोज म्हणत तीच प्रार्थना ते म्हणाले.

नंतर सृष्टीने तिची ट्रंक उघडली. आत बारा झगे होते. दर वर्षी एक, असे दीना एकटी परत गेली तेव्हापासून शिवलेले. पहिला चार वर्षांच्या मुलीचा, शेवटचा पंधरा वर्षांच्या मुलीचा. प्रत्येकाला एक चिठ्ठी टाचलेली होती: 'याएलसाठी. मी स्वतः नेईन.' दीना वारली त्या वर्षानंतरचा एकही नव्हता.

आता या दिवाळीनंतर लेकरांना सृष्टी सांभाळते आहे. नव्या स्टीलच्या परातीत तिने पीठ मळायला घेतलं. मला तिने चिंचेने घासलं, मिलकामायच्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं, माझ्यावर ते झगे रचले आणि खोक्यावर अश्दोदचा पत्ता लिहिला. उद्या मी पिंगळी सोडते.

याएल, तुला मराठी येते की नाही, मला ठाऊक नाही. आजीने आपल्या लेकीकडे पाठ फिरवली, असं तुझ्या घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. फक्त हे झगे एकेक करून उलगड आणि ओळीने मांडून ठेव. तुला आता त्यातला एकही अंगात यायचा नाही.