हाकेच्या अंतरावर

तिने पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरला रबरी पट्ट्याने बांधलेली गोटी ताणली आणि सोडली. टण्! पुन्हा एकदा. टण्! पाण्याखाली उतरलेले सगळे पाहुणे दचकले. कुणी वर पाहिलं, कुणी खाली. पाण्यात आवाज कुठल्या बाजूने आला ते कळत नाही, तो सगळीकडूनच येतो. एकच माणूस वळला नाही. तो तिच्या पुढे चार हातांवर होता, आणि खरं तर वळायचं काम त्याचंच होतं.

मागे खडकाच्या कडेशी एक जाडजूड पाहुणा कासवाच्या नादात खाली गेला होता आणि कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्यात त्याचा पाय अडकला होता. तिला तिकडे जाता येईना. एका घाबरलेल्या बाईने तिचा हात असा घट्ट धरला होता की सोडवता सुटेना. शेवटी त्या बाईला ओढतच ती पुढे गेली आणि तिने त्या न वळलेल्या माणसाच्या पायातलं फिन खेचलं. त्याने मागे पाहिलं. तिचा चेहरा पाहिला, तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं, आणि बाणासारखा सुटला. चाकूने जाळं कापून पाहुण्याला धरून वर घेऊन आला.

"काय मजा आली!" होडीत बसल्यावर पाहुणा म्हणाला. "कासव अगदी हाताशी आलं होतं हो!"

आपण कशातून सुटलो याचा त्याला पत्ताच नव्हता. तीही हसली.

धक्क्यावर तिला आणि तिच्या या जोडीदाराला सगळे 'डोकं आणि शेपूट' म्हणत. पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवायला न्यायचं तर ती पुढे आणि तो सगळ्यांच्या मागे, कुणी भरकटू नये म्हणून. मधे पाहुण्यांची माळ. पाणी गढूळ असलं की डोक्याला शेपूट दिसत नसे. मग आवाजच कामी येई. पूर्वी दोघांकडे खुळखुळे होते: पोलादी नळी आणि तिच्यात छर्रा. एखाद्या हौशी पाहुण्याने तो हातात घेऊन दर माशाला वाजवला, की वर आल्यावर शेपूट म्हणे, "आज बाळ फार रडलं बुवा!" पण तेवढंच. जमिनीवर तो मुलखाचा अबोल. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लग्न होऊन लांबच्या शहरात. ती त्याला 'अहो' म्हणे, तो तिला 'बाई'.

पाण्यात मात्र दोनदा वाजवलं की 'कुठे आहेस?' आणि उलट दोनदा आलं की 'इथेच आहे.' त्यात ना 'अहो' होतं ना 'बाई'. कधी कधी ती काही कारण नसताना वाजवी. उत्तर यायचंच. ते आलं की तिला वाटे, जगात आपल्याला असं कोण विचारतं आणि आपण तरी कुणाला विचारतो? भावाच्या घरी माडीवरची एक खोली तिच्या वाट्याला होती. लग्नाचं वय केव्हा आलं आणि केव्हा गेलं, ते समुद्राच्या नादात कळलं नव्हतं.

मागच्या हंगामात उत्तर उशिरा येऊ लागलं. मग येईनासं झालं. बारीक आवाज त्याच्या कानातून आधी गेले असणार. तिने कुणाला सांगितलं नाही. आपला खुळखुळा पेटीच्या तळाशी टाकला आणि दोघांसाठी रबरी पट्ट्याच्या गोट्या आणल्या. "खुळखुळे गंजले हो," एवढंच म्हणाली. गोटीचा दणका जाड, तो त्याला ऐकू आला. वर्ष निभावलं.

या हंगामात नवीनच घडलं. शेपूट मागची जागा सोडून तिच्या जवळ पोहू लागलं. कधी डाव्या अंगाला, कधी थोडं पुढे, आणि सारखं तिच्याकडे वळून बघणं. तिने मनाला विचारलं नाही, पण मन उत्तर देऊन बसलं होतं. ती आरशासमोर थांबू लागली. वहिनीच्या नजरेतून काय सुटतं?

"पाण्यातच जायचं ना? मग एवढी वेणी कुणासाठी गं? माशांसाठी?"

"सुटे केस मास्कमध्ये अडकतात," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

आज त्या जवळ येण्याचा अर्थ तिला कळला होता. ऐकू येत नाही म्हणून तो नजरेच्या टप्प्यात राहत होता. आणि तो जवळ आला म्हणूनच मागे कुणी नव्हतं.

दुपारी पाहुणे गेल्यावर दोघं गोड्या पाण्याच्या टाकीत सामान विसळत होती. ती मुद्दाम त्याच्या समोर येऊन बसली, ओठ दिसतील अशी.

"तुम्हाला माझी गोटी ऐकू येत नाही."

त्याने मास्क विसळला, झटकला, उन्हात ठेवला. "कधी कळलं?"

"खुळखुळे गंजले तेव्हा."

"म्हणजे गंजले नव्हते?" तो जरासा हसला. मग म्हणाला, "एक कान केव्हाच गेलाय. दुसरा जातोय. वाटलं, डोळे आहेत ना, काढू एवढा हंगाम."

"मालकांना सांगावं लागेल हो. आजचा माणूस वाचला, उद्याचं काय?"

"मीच सांगतो. तुमच्या तोंडून नको."

तिने आपला मास्क टाकीत बुडवला. मग तिला राहवेना. "म्हणूनच इतके जवळ पोहत होता?"

"सुरुवातीला म्हणूनच," तो टाकीतल्या पाण्याकडे बघत म्हणाला. हातातली हवेची नळी तो पुन्हा पुन्हा विसळत राहिला.

"लेक कधीची बोलावतेय," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आता जाईन म्हणतो."

"थांबा ना इथेच," ती हळूच म्हणाली.

"अं?"

"थांबा म्हटलं."

"काय?" त्याने कानामागे हात धरला.

"थांबा म्हणतेय मी! जाऊ नका!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की होडीवाला दोर सोडून बघत राहिला. मालक कचेरीच्या दारात आला. तिचे डोळे भरून आले, पण आता शब्द तोंडातून सुटला होता, आणि तिला तो परत घ्यावासा वाटला नाही.

"हळू बोला, बाई," तो गोंधळून म्हणाला, "लोक बघताहेत." मग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "किनाऱ्यावर बसून तुमचे बुडबुडे मोजायचे? नाही जमायचं मला ते. वेडा होईन."

तो उठला, अंगावरचं पाणी पुसलं, शर्ट चढवून वरपर्यंत बटणं लावली आणि कचेरीकडे ताठ चालत गेला.

तो लेकीकडे गेला, त्या दिवशी तिच्याबरोबर पाहुणे होते. पाण्यातून वर आली तेव्हा गाडी सुटून गेली होती.

नवा जोडीदार चुणचुणीत होता. त्याच्याकडे हवेवर वाजणारा भोंगा होता, बदकासारखा ओरडणारा. काम चोख. तिने दोनदा वाजवलं की तो लगेच दोनदा वाजवी आणि अंगठा-बोटाचं वर्तुळ करून 'सगळं ठीक?' म्हणून विचारी. ती वर्तुळ करून 'ठीक' म्हणे. कारण नसताना वाजवणं तिने सोडून दिलं.

हंगाम संपता संपता एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी शेपटाची मुलगी," पलीकडून आवाज आला, हसरा. "तिकडे बाबांना असंच म्हणायचे ना? त्यांना फोनवर अजिबात ऐकू येत नाही. पण सकाळपासून माझ्यामागे लागलेत, लाव म्हणून. तुम्हाला मी काय म्हणू? बाबा नुसतं 'बाई' म्हणतात."

"काहीही म्हण गं," ती म्हणाली. "कसे आहेत?"

"बरे आहेत. नातवाला अंघोळ घालतात, तासभर बाहेर येत नाहीत दोघं. थांबा हां... बाबा विचारताहेत, पाणी कसं आहे?"

ती खिडकीशी गेली. खाली वहिनी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. इथून समुद्राची नुसती एक पट्टी दिसायची.

"स्वच्छ आहे म्हणावं. लांबचं दिसतं."

"बाबा!" मुलगी पलीकडे घसा ताणून ओरडली. "स्वच्छ आहे! लांबचं दिसतं म्हणतात!"

मग काहीच ऐकू आलं नाही. तिने फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"काय म्हणाले गं?"

"काही नाही," मुलगी म्हणाली. "नुसती मान हलवताहेत. अजून हलवताहेत."